तेलवाल्याचे तीन रविवार

चिंचपोकळीच्या फाटकापाशी कालिंदीने डोक्यावरचं शिवणाचं मशीन खाली टेकवलं, आणि ते पुन्हा डोक्यावर चढवणार कोण, हा प्रश्न तिला टेकवल्यावर पडला. गिरगावापासून इथवर तिने ते एकटीने आणलं होतं. हमाल मिळाले नव्हते असं नाही, पण मशीन प्लेगच्या मरीला भिऊन गावी पळालेल्या शिंप्याच्या घरातलं आहे, असं कळल्यावर एकानेही त्याला हात लावला नाही. पौषाचा महिना होता. सकाळचं धुकं अजून रुळांवर बसून होतं. रस्ता ओस होता. निम्मी मुंबई गावी गेली होती आणि उरलेली एकमेकांकडे संशयाने बघत होती.

कालिंदीने चाक फिरवून पाहिलं. चाक जागचं हललं नाही. गळ्यातले सोन्याचे मणी मोडून तिने हे धूड घेतलं होतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ह्याका काय झालेला नाय," मागून कोणीतरी म्हणालं. "तेल नाय मिळाला, म्हणान आखडला हा."

तिने वळून पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा, सडपातळ माणूस. बंडीवर तेलाचे डाग आणि डोळ्यांत रातपाळीचा शीण. हे मशीन मरीच्या घरातलं आहे, असं तिने आधीच सांगून टाकलं. नंतर कळून तो पळाला असता, तर ते जास्त लागलं असतं.

"असूदे," तो म्हणाला. "मी गिरणीत तेलवालो. रोज सुताच्या शेकडो चात्यांका तेल पाजतंय. एक मशीन माका काय करतला?"

त्याने ते खांद्यावर घेतलं आणि लालबागच्या चाळीपर्यंत दहा पावलं पुढे राहून चालला. बाईमाणसाबरोबर चालताना लोकांनी काहीबाही बोलू नये म्हणून. एवढी जाण असलेला माणूस कालिंदीला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. त्याचं नाव जयवंत. मशीन दारात ठेवून, रविवारी उघडून साफ करून देतो, असं तो म्हणाला आणि पाणीही न पिता गेला.

कालिंदी बावीस वर्षांची. नवरा गेल्या मरीत गेला. खोलीत ती, चार वर्षांची शांती आणि सासू रखमा. रखमा पोराच्या आजारपणात गावाहून आली ती नातीच्या मायेने राहिली होती. गावी थोरला दीर होता, त्याने कोणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं. शिमग्याला मी मुंबईस येतो, असं त्यात होतं. तिघींचं पोट तिथे भरत असेल तर राहा, नाहीतर गावी चला. भावजयीला पाट लावून दुसरं लग्न करायचं असेल तर आमची ना नाही. पोर मात्र आमच्या घराची, ती आम्ही घेऊन जाणार. यात दिराचा दुष्टावा काही नव्हता. रीतच ती होती. पाट लावणारी बाई पहिल्या घरचं पोर मागे ठेवूनच उंबरा ओलांडायची, आणि जातीत कोणाला त्यात वावगं वाटत नसे. कालिंदीला मात्र ते पत्र ऐकल्यापासून झोप नव्हती. शिमग्याच्या आत शिवण चालू झालं पाहिजे, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

रविवारी जयवंत आला. घासलेटची बाटली, गिरणीतल्या सुताचा बोळा आणि मुकादमाला विचारून आणलेलं चात्यांचं पातळ तेल. गोणपाटावर मशीन आडवं करून त्याने एकेक स्क्रू काढला आणि ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने परातीत मांडला. कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांखालून वर्षानुवर्षांचा कापसाचा गाळ निघाला, रंगीबेरंगी, दाबून घट्ट नमदा झालेला. खालून होडीसारखं लांबट पोलादी शटल निघालं, तसा तो आपल्याच गावचं माणूस भेटल्यासारखा हसला.

"बघा वैनी, ह्याच्या पोटातसुद्धा मागासारखो धोटोच असा."

खोलीत उजेड नव्हता. कालिंदी दाराशी आरशाचा तुकडा धरून गॅलरीतलं ऊन मशीनच्या पोटात पाडत होती. रखमा उंबऱ्यात पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती, म्हणजे तांदूळ एका डोळ्याने आणि हे दोघं दुसऱ्याने. जयवंत घासलेटच्या चिंधीने दांडा पुसत होता. गंजाखालून पोलाद हळूहळू उजळत होतं. त्याची बोटं लांब होती, आणि इतकी हलकी, की... कालिंदीने मान खाली घातली.

"उजेड हलता हा, वैनी," तो वर न बघता म्हणाला.

"हात भरून इलो," ती म्हणाली. हात भरून आला नव्हता.

संध्याकाळी चाक फिरलं. आधी कुरकुरत, मग सरसर. शांती टाळ्या पिटत नाचली. कालिंदीने चिंधीवर पहिली शिवण घातली आणि ती किती वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली.

आठवडाभर पैरणी, बंड्या, पोरांच्या कुंच्या शिवल्या गेल्या. मरीला भिणारे शेजारीसुद्धा फाटकं कापड घेऊन येऊ लागले. गरजेपुढे कसली भीती. आणि शनिवारी पहाटे मशीन ठप्प झालं. चाक दगडासारखं. कालिंदीच्या तोंडचं पाणी पळालं.

रविवारी जयवंतने बोट लावून वास घेतला आणि त्याला हसू आवरेना. खोबरेल! कोकणातल्या घरात खोबरेल कशाला लागत नाही? रखमाने घरात आलेल्या लक्ष्मीला कुंकू लावून वरून खालपर्यंत खोबरेलाने न्हाऊ घातलं होतं, आणि पौषाच्या थंडीत ते आत मेणासारखं गोठलं होतं.

"तेल ता तेल," रखमा म्हणाली. "केसाक चालता, दिव्याक चालता, मग ह्याका कित्या चालाचा नाय?"

जयवंतने सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा पुसलं. कालिंदीने पुन्हा आरसा धरला. त्या दिवशी त्याने चहा घेतला आणि आपल्या गिरणीतलं कोण कोण मरीत गेलं ते सांगितलं. जाताना म्हणाला, आता हे वर्षभर अडायचं नाही. कालिंदीला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

पुढल्या शनिवारी मशीन पुन्हा अडलं.

तिसऱ्या रविवारी रखमा शांतीला घेऊन नळावर गेली होती. दार सताड उघडं होतं. जयवंतने मशीन उघडलं, सगळीकडे बोट फिरवलं, आणि सुईच्या दांड्याजवळच्या, खोबरेल गोठलेल्या एका भोकापाशी थांबला.

"म्हातारेन घातल्यान असता तर सगळीकडे असता," तो हळूच म्हणाला. "ह्या एकाच भोकात असा. भायर एक थेंब नाय. वैनी... ह्या कोणी घातल्यान?"

आरशाचा कवडसा मशीनवरून भिंतीवर गेला. आपल्याच पोटावर पाय देऊन तिने एका माणसाला घरी बोलावून घेतलं होतं, आणि आता लाजेने तिचे कान तापले होते.

"मीच घातलंय," ती शेवटी म्हणाली. "तुमी येवचात म्हणान."

जयवंतने चिंधी खाली ठेवली. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने पंधरा दिवस गिरणीच्या आवाजात मनातल्या मनात म्हणून पाहिलं असावं, कारण ते एका दमात आलं. "कालिंदी, पाट लावूया आपण. माझी म्हातारी आवस नको म्हणाची नाय. शांतीक मी अंतर देवचंय नाय."

त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली. तिला वाटलं, एवढ्यावर जन्म काढता येईल. मग तिने त्याला दिराचं पत्र सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याच्याच जातीची रीत. रितीशी तो वाद काय घालणार? थोड्या वेळाने म्हणाला, शांतीचं लग्न होईपर्यंत मी थांबतो. सहा वर्षं, सात वर्षं. रविवारचा येत जाईन.

ते किती गोड होतं! आणि किती खोटं, हे तिला लगेच दिसलं. रविवारमागून रविवार परका पुरुष विधवेच्या दारात. चाळ आज मरीच्या धाकाने गप्प होती, उद्या बोलणार. बोलणं आगबोटीने गावी जाणार, आणि पुढच्या आगबोटीने दीर येऊन पोर घेऊन जाणार.

"माका शिकवा," कालिंदी म्हणाली.

"काय?"

"ह्या सगळा उघडूक. पुसूक, तेल घालूक, परत जोडूक. तुमका बोलवचा लागू नये असा शिकवा."

त्याला कळलं. मग त्याने पेचकस तिच्या हातात दिला.

रखमा आणि शांती परत आल्या तेव्हा दोघं परातीच्या दोन बाजूंना बसली होती. कालिंदी स्क्रू काढत होती, तो नुसतं बोटाने दाखवत होता. तिने मशीन उघडलं, पुसलं, सातही भोकांत थेंब थेंब तेल सोडलं आणि सगळं जोडलं. एकही चूक झाली नाही. चाक फिरलं.

"नीट ध्यानात नाय ऱ्हवला," ती म्हणाली. "आणखी एकदा."

त्याने मान हलवली. दुसऱ्यांदा उघडलं. दुसऱ्यांदाही चूक झाली नाही, आणि तरी या वेळी तोच म्हणाला, आणखी एकदा केलेलं बरं. रखमा उंबऱ्यातून बघत होती. तिलाही एव्हाना सगळं दिसलं होतं. ती एरवी फाटक्या तोंडाची. पण आज उठून शांतीला उगाच गॅलरीत घेऊन गेली.

दिवेलागणीला तिसऱ्यांदा शेवटचा स्क्रू बसला. आता उघडायला निमित्त उरलं नव्हतं.

"माका तुमी आवडतात," कालिंदी मशीनकडे बघत म्हणाली. "म्हणान सांगतंय... येव नकात."

जयवंतने तेलाची कुपी तिच्यापुढे ठेवली, रखमाच्या पाया पडला आणि जिना उतरून गेला. पुढच्या महिन्यात तो ती गिरणी सोडून शिवडीकडच्या गोदीत लागल्याचं कोणीतरी सांगितलं. मरीच्या दिवसांत ते जिवंत माणसाबद्दलचं बोलणं होतं, म्हणून तिने देवाला हात जोडले.

शिमग्याला दीर आला. चार दिवस राहिला, पैरणींची चळत पाहिली, स्वतःसाठी एक बंडी शिवून घेतली आणि एकटाच परत गेला. त्या रात्री शांती आईच्या कुशीत गाढ झोपली.

दर रविवारी कालिंदी मशीन उघडून पुसायची, तेल घालायची आणि जोडून ठेवायची. त्यानंतर कित्येक वर्षं ते एकदाही अडलं नाही, आणि याचं तिला दर रविवारी वाईट वाटायचं.