नांदुरीपर्यंतचा मार

सुवर्णा टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती तेव्हा शेखर सप्तशृंगीला नवस बोलला होता. ही वाचली, तर दोघं लासलगावहून गडापर्यंत चालत येऊ. ती वाचली. अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात नवराबायको निघाली.

पहिल्या दिवशीचा त्रास कुणालाही होतो तसाच. नव्या चपलेचा पट्टा लागून सुवर्णाच्या टाचेला फोड आला. डांबर तापलं म्हणून कडेच्या फुफाट्यातून चालावं लागलं. शेखर कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. चालायची सवय त्यालाही नव्हती. तरी तिची पिशवी त्यानेच खांद्याला लावली.

पिंपळगावात एक म्हातारी यात्रेकरूंना पाणी देत होती. सुवर्णाच्या हातात तिने तांब्या दिला, मग शेखरकडे वळली आणि त्याच्या थोबाडीत मारली. आवाज रस्त्यापलीकडे गेला. म्हातारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने पदराला हात पुसला आणि त्यालाही पाणी दिलं.

"अहो, कोण ही?"

"मला काय ठाव? येडी आसंल. चल."

जोपूळला रसवंतीवाला. चरकात घालायला घेतलेला ऊस त्याने शेखरच्या पाठीत घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ऊस मोडला. मग त्याने दोन ग्लास रस भरून समोर ठेवला. सुवर्णा किंचाळली, तिने त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. बाकावरची माणसं आपापला रस पीत राहिली.

"पोलिसात जाऊ आपण."

"नाय. नवस हाय. पुरा करायचा."

वणीत भर दुपारी एका ओट्यावर एक बाई चूल फुंकत बसली होती. तिने मांडीवरचं पोर खाली ठेवलं, लोखंडी फुंकणी उचलली आणि शेखरच्या कपाळावर हाणली. रक्त डोळ्यात उतरलं. तिनेच आपल्या लुगड्याची पट्टी फाडली आणि हलक्या हाताने जखम बांधली.

सुवर्णाच्या तेव्हा लक्षात आलं. फुंकणी उचलली जायच्या आधीच शेखरने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली होती.

नांदुरीत पायथ्याशी कासाराचं दुकान होतं. शेखर स्वतःहून आत शिरला आणि त्याने उजवा हात पुढे केला. कासाराने त्याची दोन बोटं धरली आणि मागे वाकवली. काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग दुसऱ्यांदा. शेखर नुसता कण्हला.

त्याच हातांनी कासाराने सुवर्णाला हिरवा चुडा भरला. कासारीण आतून आली. तिने सुवर्णाची ओटी भरली, कपाळभर मळवट भरला. दोघांपैकी कुणीही तिच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

पायऱ्यांवर सुवर्णा थांबली.

"खरं सांगा. काय केलंय तुम्ही ह्या लोकांचं?"

शेखरने मनापासून आठवून पाहिलं.

"कुणाचंच काय केलं नाय."

मग त्याने वर गडाकडे पाहिलं.

"आजून तरी."

त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"वर गेल्यावर आधी शीतकडा बघू. खाली सरळ दरी हाय. तिकडं आत्ता कुणी नसतं."

तिने हात ओढला. तो सुटला नाही.

वरून उतरणारी माणसं कडेला झाली. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, आणि सुवर्णाकडे बघून हात जोडले.