कामिनीचं मत

हे खरं घडलंय. पटलं नाही तरी चालेल, पण त्या वेळी घरात मी एकटा होतो.

धुळ्यात देवपूरला आमचं घर. यंदाच्या चैत्रातला गुरुवार, दिवेलागणीची वेळ.

माझी बायको कामिनी पौषात गेली. साधा ताप होता.

ती एका क्रिप्टो नाण्याची सभासद होती. त्या नाण्याला मालक नाही, बँक नाही. नियम सभासदच मतदान करून ठरवतात. आधी ज्याची नाणी जास्त, त्याची मतं जास्त. कामिनी भांडली आणि माणशी एक मत करून घेतलं. मग शेवटचा ठराव मांडला. सभासद वारला की घरच्यांनी कळवायचं, त्याचं नाव काढायचं. त्यावर मतदान व्हायच्या आतच ती गेली.

मी चिडवायचो, "आपल्याकडे तर मेलेलेच आधी मत देऊन जातात."

"म्हणून तर," ती म्हणायची. "मरेल माणूसनं कसानं मत?" मेलेल्याचं कसलं मत, असं तिचं अहिराणीत.

ती गेल्याचं मी तिथे कळवलंच नाही. यादीत तिचं नाव दिसायचं. तेवढंच बरं वाटायचं.

त्या संध्याकाळी पाचोऱ्याच्या हितेंद्रचा फोन आला. तोही सभासद. तिला कधी भेटला नव्हता, पण अक्का म्हणायचा.

"नवलभाऊ, अक्कांचा फोन लागत नाही. त्यांना सांगा, त्यांचा ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. शेवटचं मत त्यांचंच पडलं. आत्ताच."

मी भिंतीला टेकलो.

मत द्यायला बारा गुप्त शब्द लागतात. तिचे शब्द तिने कुठेच लिहिले नव्हते. फक्त तिच्या डोक्यात होते.

"सांगतो," एवढंच म्हणालो.

आणि मग... आतल्या खोलीतून आवाज आला.

टेबलाच्या काचेवर बांगडी आपटल्याचा. ती टाइप करायची तेव्हा यायचा, तोच.

बांगड्या तर तिच्या हातातच गेल्या. पांझरेकाठी अग्नी मीच दिला.

आत गेलो. कोणी नव्हतं. आवाज चालूच होता.

खुर्ची मात्र ओढलेली...

तेवढ्यात माझ्या फोनवर नव्या नियमाचा संदेश आला. 'सभासद कामिनी हयात आहेत का?'

खाली दोन बटणं. होय. नाही.

अंगठा 'नाही'वर नेला. आवाज एकदम थांबला.

मला दाबता आलं नाही.

तो प्रश्न आता रोज दिवेलागणीला येतो. मी फोन पालथा ठेवतो. मग आत बांगडी वाजते... चहाला उशीर झाला की वाजवायची, तशी.

'नाही' दाबलं तर ती कायमची थांबेल, हे मला कळतं.

म्हणूनच दाबत नाही.

काल आवाज टेबलावरून नाही, खोलीच्या दाराजवळून आला...