फुल्ला आजारी पडली त्या रात्री

घोडी ट्रामच्या रुळांजवळ आडवी पडली होती, आणि एक अनोळखी माणूस तिच्या तोंडावर छत्री धरून स्वतः मात्र चिंब भिजत उभा होता. मी रऊफला पहिल्यांदा पाहिलं ते असं.

जानेवारीतलं वादळ होतं. दोन दिवस समुद्र कॉर्निशचा, किनाऱ्यालगतच्या रस्त्याचा, कठडा ओलांडून आत येत होता, बंदर बंद होतं. जनावरांच्या दवाखान्यातलं काम आटोपून मी रम्ल स्टेशनवर आले, तर ट्रामही खोळंबलेली. घोडी हलेना.

"बाई, लांबून जा. लाथ मारेल ती," तो म्हणाला.

"मी जनावरांची डॉक्टर आहे. लांब तुम्ही व्हा. आणि ती छत्री मिटा, छत्रीलाच घाबरलीय ती."

त्यानं मुकाट्यानं छत्री मिटली. "असं होय... मला वाटलं, मलाच घाबरली."

मला हसू आलं, पण शेजारी चिखलात बसून टांगेवाले मितवल्लीकाका लहान मुलासारखे रडत होते. घरात दुसरं माणूस नव्हतं त्यांना. होती ती ही पांढरी फुल्ला. मी तिच्या पोटाला कान लावला. आत काहीच आवाज नव्हता. पोटशूळ. सुई टोचली आणि म्हणाले, "आता हिला उठवायचं आणि चालवत ठेवायचं. बसू द्यायचं नाही, लोळू तर मुळीच नाही. लोळली की आतड्याला पीळ बसतो. लीद टाकेपर्यंत चालवायचं."

"किती वेळ?" रऊफनं विचारलं.

"ते तिलाच विचारा."

काकांच्या गुडघ्यांत जीव नव्हता. रऊफ एका मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता, पोर्ट सैदचा; मीही माझं नाव सांगितलं, मिरवत. "वादळ ओसरेपर्यंत माझं जहाज हलत नाही," तो म्हणाला. "चला, मी चालवतो."

मग काका सोडलेल्या टांग्यात घोंगडी पांघरून बसले आणि आम्ही दोघं, मध्ये फुल्ला, मनशियाच्या चौकापर्यंत जायचो, परत यायचो. पुन्हा जायचो. रस्त्यावर आमच्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात पाऊस तिरका पडत होता, आणि घोडीच्या मानेवरून वाकून तो मधूनच माझ्याकडे बघायचा... मी बघितलं की लगाम नीट करायचा.

"तुमच्या घरी काळजी करत असतील," तो म्हणाला.

"केला ना आईला फोन, स्टेशनवरून. म्हटलं, एक घोडी आजारी आहे. तर म्हणते, घोडीबरोबर कोण आहे?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, एक म्हातारे काका आहेत."

"म्हातारे काका!" तो जागच्या जागी थांबला. घोडीही थांबली.

"थांबू नका हो!" मी ओरडले.

"चालतोय, चालतोय. म्हाताऱ्याला जरा सांभाळून घ्या."

सहलबची, गरम दाट दुधाची, एक गाडी तेवढी उघडी होती. एकानं लगाम धरायचा, दुसऱ्यानं गरम पेला. पेला एकच घेतला होता, दोन सांभाळता आले नसते म्हणून. निदान आम्ही तसं म्हणालो.

तो खूप बोलला. आई गेल्याची तार त्याला समुद्रात एकोणीस दिवसांनी मिळाली होती. तेव्हापासून जहाजावर मन लागत नव्हतं. अबू कीरला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकावं, असं त्याच्या मनात होतं. "पण जमिनीवर राहायला काहीतरी कारण लागतं हो," तो म्हणाला, "नुसतं दुकान पुरत नाही."

मीही बोलले. कॉलेजात नापास झाले तो विषय, लहानपणी चावलेलं गाढव, सगळं सांगितलं. एकच गोष्ट सांगितली नाही. कामावर जाताना मी अंगठी काढून घरी ठेवायची. माझा साखरपुडा झाला होता. हाजिम कुवेतमध्ये नोकरीला होता, सरळ माणूस होता, दर शुक्रवारी फोन करायचा. सांगू, पुढच्या फेरीत सांगू, असं म्हणत म्हणत किती फेऱ्या झाल्या...

तीनच्या सुमारास फुल्लाचे पुढचे पाय दुमडले.

"मिरवत, धर तिला! सोडू नकोस!" तो ओरडला. मीही ओरडले, "तू मागून ढकल!" तिनं कसेबसे पाय सावरले. आम्ही धापा टाकत एकमेकांकडे पाहिलं. त्या रात्री 'तुम्ही' काही परत आलं नाही.

पहाटेची बांग झाली आणि फुल्लानं शेपूट उचललं.

मितवल्लीकाकांनी टांग्यातून उडीच मारली. गुडघे कुठे गेले कुणास ठाऊक! त्यांनी घोडीचं तोंड कवटाळलं, मग माझं डोकं, मग रऊफच्या गालांचे मुके घेतले.

"आयुष्यात कुणाच्या लीदेची इतकी वाट पाहिली नव्हती," रऊफ म्हणाला. आम्ही हसत सुटलो. हसता हसता त्यानं माझा हात धरला. हसू थांबलं, तरी हात तसाच होता.

"वारा पडला," तो म्हणाला.

"हो."

"नऊला बंदर उघडेल. मिरवत... मी गेलोच नाही तर? तू फक्त राहा म्हण. बाकीचं माझं मी बघतो."

मला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण डोळ्यांपुढे वडील आले, छापलेल्या पत्रिका आल्या, आणि एका रात्रीच्या ओळखीवर असं कोण करतं, हा आईचा आवाज आला. मी हात सोडवून घेतला.

"तुमचं जहाज चुकेल," मी म्हणाले.

ते 'तुमचं' त्याला लागलं. मी पाहिलं.

"माझा साखरपुडा झालाय. एप्रिलमध्ये लग्न आहे."

त्यानं फुल्लाचा लगाम काकांच्या हातात दिला. "रात्रभरात... एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

मी काय सांगणार? सांगितलं असतं तर रात्र तिथंच संपली असती, म्हणून सांगितलं नाही, असं?

"अल्ला तुमचं भलं करो, डॉक्टर," तो म्हणाला आणि बंदराच्या दिशेनं निघून गेला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. छत्री टांग्यातच राहिली.

मार्चमध्ये मी साखरपुडा मोडला. हाजिमचा काही दोष नव्हता, तसं त्याला सांगितलं. वडील ईदपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. रऊफला पत्र लिहायला दोनदा बसले. पत्ता शोधून काढता आला असता. पण कोणत्या तोंडानं लिहू, म्हणून कागद फाडले.

मितवल्लीकाका दर महिन्याला फुल्लाला तपासायला आणायचे. "नवरदेव कसे आहेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न; लग्नाचं त्यांनी त्या पहाटे ऐकलं होतं. मोडलेल्या लग्नाबद्दल लोकांना सांगून सांगून मी थकले होते. "बरे आहेत," म्हणायची. एप्रिलमध्ये ते लग्नाची म्हणून डबाभर बसबूसा घेऊन आले. मी ती मिठाई खाल्ली आणि आभारही मानले.

पुढच्या वर्षी, थंडी सुरू होताना, खूर तपासत होते तेव्हा काका म्हणाले, "डॉक्टरीणबाई, एक सांगायचं राहूनच गेलं. तो आपला जहाजवाला आला होता, उन्हाळ्यात."

माझ्या हातातून फुल्लाचा पाय सुटला.

"तीन दिवस रोज स्टेशनवर येऊन बसायचा. जहाज सोडलं म्हणाला, अबू कीरला दुकान बघतोय. तिसऱ्या दिवशी हळूच विचारतो, डॉक्टर कशा आहेत? मी काय असा तसा आहे? म्हटलं, लग्न झालं, सुखात आहेत, नवऱ्याचं नाव निघालं की चेहरा खुलतो. परक्या पुरुषानं लग्न झालेल्या बाईची चौकशी कशाला करावी?"

"मग?"

"मग काय... चहा अर्धा ठेवला आणि गेला. बरं केलं ना मी?"

त्यांच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता! माझ्या अब्रूची त्यांनी राखण केली होती.

"बरं केलंत, काका," मी म्हणाले.

त्या शुक्रवारी मी अबू कीरला गेले. धक्क्यावरच्या एकेका दुकानात विचारत फिरले. शेवटी जाळी विणणारा एक म्हातारा म्हणाला, "पोर्ट सैदचा ना? हो, माझ्याच गाळ्याचं बोलणं झालं होतं. भिंतींना रंगही दिला त्यानं, निळा. मग एक दिवस आला, म्हणाला, नको आता. परत जहाजावर गेला. कुठल्या, ते नाही सांगितलं."

गाळ्याचं दार उघडंच होतं. तीन भिंती निळ्या होत्या, चौथी तशीच.

"तुम्ही त्याच्या कोण?" म्हाताऱ्यानं विचारलं.

माझ्यापाशी नेहमी काहीतरी उत्तर तयार असायचं. आईला सांगायला, काकांना सांगायला. त्या दिवशी सुचलं नाही.

"कुणी नाही," मी म्हणाले.