कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती

बुधवारी दुपारी मी वकिलांच्या कचेरीत गेलो, तो एवढ्याच कामाला. दुकानाचं मूळ करारपत्र घ्यायचं होतं. शुक्रवारी ते कोर्टापुढे ठेवलं नाही, तर घरमालक मला चाळीस वर्षांच्या दुकानातून उठवणार होता.

वकील वारून तीन आठवडे झाले होते. एकटा माणूस, ना भागीदार, ना कारकून. पण व्यवस्था अशी चोख, की मी कापडवाल्याने शिकावी. रोज संध्याकाळी प्रत्येक चालू फायलीत हिरव्या शाईने चिठ्ठी लिहून ठेवायचे: उद्या मी आलो नाही तर काय करायचं, कोणता कागद कुठे आहे. कचेरीची किल्ली समोरच्या वकीलबाईंकडे आणि फायलींच्या लोखंडी कपाटाची माझ्याकडे. "माझा विश्वास तुम्हा दोघांवर आहे, शेठ. एकेकट्यावर नाही," म्हणायचे आणि लवंग चघळत हसायचे. त्यांच्याजवळची कपाटाची दुसरी किल्लीही घरच्यांनी माझ्याच हवाली केली होती.

वकीलबाईंनी दार उघडलं. ही बाई मला पहिल्यापासून जरा जास्तच गोड वाटायची. कापडाचा पोत बोटांनी ओळखतो, तसा माणसांचाही ओळखतो, असा माझा समज. घरमालकाने हिला आधीच गाठलं असेल, हा किडा डोक्यात वळवळत होताच.

मी कपाट उघडलं. तीन आठवडे बंद कपाट. कोंदट वास यायला हवा होता. लवंगेचा आला. ताजा.

माझ्या फायलीत वरच चिठ्ठी होती. तेच तिरकं अक्षर, तीच शाई. खाली तारीख... कालची.

"बाई, ही तुम्ही लिहिलीत?"

"मी कशी लिहीन? कपाटाची किल्ली तुमच्याकडे."

"आणि दाराची तुमच्याकडे."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "रोज संध्याकाळी आत कपाट वाजतं, शेठ. मला वाटलं, तुम्ही दाराची किल्ली करून घेतलीत..."

"मला वाटलं, तुम्ही माझ्या किल्लीची नक्कल केलीत."

दोघंही हसलो नाही.

चिठ्ठीत होतं: 'मूळ करारपत्र तळच्या कप्प्यात, निळ्या पाकिटात. शुक्रवारी सकाळी हजर करणे.' पाहिलं. पाकीट होतं, आत करारपत्रही होतं. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाईंनी चिठ्ठी उलटली. मागे एकच ओळ:

'दुकानदार येऊ शकणार नाहीत. करारपत्र त्यांच्या मुलीने आणावे.'

आज गुरुवार. सकाळीच डॉक्टरांकडे जाऊन आलो. ठणठणीत आहात म्हणाले, वर स्वतःच्या अंगातल्या, माझ्याच दुकानातल्या शर्टाचं कौतुक करून घेतलं. करारपत्र मुलीच्या हाती दिलंय. "बाबा, तुम्ही नाही येणार?" तिने विचारलं. "जमलं तर येईन," म्हणालो.

दोन्ही किल्ल्या कालपासून दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्यात. अंघोळीलाही काढल्या नाहीत. मघाशी हे लिहायला बसताना सहज चाचपल्या.

बोटं ओल्या शाईने हिरवी झाली.