बाहुल्यांमधलं अंतर

बर्नी बंदरात डेस हॉलोरनसारखा चष्म्याची भिंगं घासणारा दुसरा नव्हता. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की त्याला जेवण गोड लागत नसे. आठवडाभर दुकान आणि रविवारी सकाळी स्वतःच्याच स्वयंपाकघरात सिनेमा. या खेपेला एकच टेबल, एकच बाई. ती गेलेल्या नवऱ्याशी बोलते. बाईचं काम बायको नेरिडाकडे, माईक धरायला मेहुणी ब्रॉन. नवरा पडद्यावर दिसायचाच नव्हता. नेरिडाची नजर ठरावी म्हणून डेसनं समोरच्या कपाटावर पिवळ्या चिकटपट्टीची फुली मारली. अंतर तीन मीटर, मोजून घेतलेलं.

नेरिडानं त्या फुलीकडे असं काही पाहिलं, की कॅमेऱ्यामागचा डेस 'कट' म्हणायचं विसरला. लग्नाच्या एकोणीस वर्षांत ही नजर त्याच्या वाट्याला आली नव्हती.

"चिकटपट्टीवर जळतोस होय रे?" ब्रॉन म्हणाली. "निदान ती घोरत तरी नाही."

डेस हसला. पण त्यानंतर दर सोमवारी दुकानात त्यानं चित्र मोठं करून बायकोचे डोळे मोजले. जवळचं पाहताना माणसाच्या बाहुल्या एकमेकींकडे सरकतात, लांबचं पाहताना दुरावतात. खोटं वाटलं तर कुठल्याही चष्मेवाल्याला विचारा. पहिल्या रविवारचं नजरेचं माप आलं बरोबर तीन मीटर. दुसऱ्या रविवारचं दोन. तिसऱ्याचं एक.

"पाहतेस कुणाकडे?" त्यानं विचारलं.

"फुलीकडे. तूच लावलीस ना?"

चौथ्या रविवारी कॅमेरा चालू ठेवून त्यानं फुली खरवडून काढली आणि तिच्या जागी स्वतः उभा राहिला, कपाटाला पाठ लावून. नेरिडानं वर पाहिलं. तीच नजर. डेस दिवसभर शीळ घालत हिंडला.

सोमवारी माप आलं वीतभर.

त्यानं कॅमेरा पेटीत घालून कुलूप लावलं. सिनेमा गेला खड्ड्यात, मला माझी बायको तेवढी हवी, असं ब्रॉनला फोनवर सांगूनही टाकलं.

मंगळवारी दुपारी तो जेवायला घरी आला. खुर्ची ओढून नेरिडाच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

"माझ्याकडे बघ."

तिनं बघितलं. अगदी तसंच.

पण बाहुल्या दुरावलेल्या होत्या. डेसला मोजपट्टी लागली नाही. तीन मीटर. कपाट त्याच्या पाठीमागे होतं.

मग त्याच्या डोळ्यांदेखत त्या बाहुल्या एकमेकींकडे सरकू लागल्या.

"डेस," नेरिडा हळूच म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं, "जरा बाजूला होतोस?"