जेट्टीवर राहिलेल्या चपला

खाडीवर नवी जेट्टी झाली तेव्हा माझा नवरा हितेश म्हणाला, "हिरू, एकही पायरी नाही. सगळा उतार. तुझी खुर्ची थेट पाण्यापर्यंत जाते." जणू जेट्टी यानंच बांधली होती.

२०१७ चा डिसेंबर होता. आदल्या वर्षी कोसबाडच्या रस्त्यावर आमची मोटरसायकल घसरली. माझ्या नवऱ्याला खरचटलं, माझे पाय गेले. तेव्हापासून माझी धाकटी बहीण मयूरी चिंचणीहून आमच्या चिकूच्या वाडीत राहायला आली. माझं सगळं तीच करायची. हितेशचा चहाही तीच करायची, कारण ओटा मला उंच पडायचा. खुर्ची आत-बाहेर करायला हितेशनं उंबऱ्यावर एक फळी टाकली होती. त्या घरात माझ्यासाठी म्हणून काही केलेलं असेल तर तेवढंच.

जेट्टी छान होती, खोटं कशाला बोलू. कठडा, बाकं, भेळवाला, वाऱ्यावर सुक्या बोंबलाचा वास. टोकाला होडी लागली होती. होडी नवशीच्या नवऱ्याची. ही नवशी आमच्या दारावर मासळी घेऊन यायची.

"होडीत बसायचं तर चपला इथं काढायच्या," ती म्हणाली. "लक्ष्मी आहे ती. आणि जाताना आठवणीनं घालून जा, बाय. इथं राहिलेली चप्पल रिकामी राहत नाही."

"माझ्या कुठं चालतात, त्यांना काय होतंय," मी म्हटलं. मयूरी रोज माझ्या पायांत चपला चढवायची, आपली शोभेला.

खाडीत एक चक्कर झाली. परत उतरताना हितेशनं मला उचललं आणि त्याचा तोल गेला. मयूरीनं त्याचा दंड धरून सावरलं. दोघं हसले. दोघंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"झाली ना मजा? चला आता घरी," मी म्हटलं.

मयूरीनं घाईघाईत खुर्ची ढकलली. चालणारं माणूस चपला विसरून निम्मी वाटही जात नाही, खडा टोचतोच. माझे पाय उघडे आहेत हे घरी पाय पुसताना मयूरीला दिसलं.

"उद्या आणतो," हितेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दिवेलागणीनंतर आला. रिकाम्या हातानं. "मिळाल्या नाहीत," म्हणाला आणि शीळ वाजवत हातपाय धुवायला गेला. अपघातानंतर त्याची शीळ मी ऐकली नव्हती. त्याच्या पॅन्टला खाडीचा चिखल होता. पुढे तो रोज संध्याकाळी जायला लागला. चिकूचा व्यापारी भेटतो म्हणे.

एका सकाळी नवशी कुंपणापलीकडूनच बोलली. "बरं झालं गो बाय, पायांवर उभी राहिलीस. काल जेट्टीवर हाक मारली तर बघितलं पण नाहीस."

"माझा नवरा होता का तिथं?"

"होता ना. तुझा हात धरून चालत होता. तू तो उजवा पाय ओढतेस, तशीच..."

बोलत बोलत ती फाटकातून आत आली आणि तिला माझी खुर्ची दिसली. तिनं तोंडावर पदर घेतला. टोपली उचलली आणि पापलेट न विकता गेली.

मला वाटलं, मयूरीच. माझी साडी, माझ्या चपला, माझी चाल. पण काल संध्याकाळी मयूरी माझ्यापाशी बसून माझ्या पायांना तेल चोळत होती. तिच्यावर संशय धरता येईना आणि दुसरं कोणी सापडेना. दिवसभर मी घास गिळला नाही.

संध्याकाळी मयूरीला म्हटलं, "रिक्षा बोलाव. जेट्टीवर जायचंय."

भरती होती. उतार सुरू होतो तिथं मयूरीनं खुर्ची थांबवली. टोकाला कठड्याशी हितेश उभा होता, आमच्याकडे पाठ करून. त्याच्या शेजारी एक बाई. अंगावर माझी जांभळी साडी. ती चार पावलं चालली. उजवा पाय जरा ओढत, लग्नाआधीपासून मी ओढायचे तसा. हितेशनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती काहीतरी बोलली आणि तो खळखळून हसला.

भीती नंतर वाटली. आधी चीड आली. माझा नवरा, माझे पाय, माझी चाल, आणि मजा करणारी मी नाही.

"हितेश!"

त्यानं वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून भेळवाल्याकडे.

"मयूरी, बघतेस ना?"

"हो," ती मागून म्हणाली. "ताई किती छान चालायला लागली."

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघून हसत होती.

आम्ही रिक्षानं परतलो. घराशी आलो तेव्हा आत दिवे लागले होते. पापलेट तळल्याचा वास येत होता, माझ्या हातच्या मसाल्याचा. मसाला मी मयूरीला कधी शिकवला नव्हता.

"मयूरी, आलीस का गं?" आतून कोणीतरी विचारलं.

आवाज माझा होता.

"आले, ताई."

खुर्चीच्या मुठींवरचे तिचे हात सुटले. ती माझ्या बाजूनं पुढे गेली आणि उंबरा ओलांडून आत शिरली.

दाराशी माझ्या चपला होत्या. ओल्या, टाचा झिजलेल्या.

उंबऱ्यावरची फळी कोणीतरी काढून, धुऊन, बाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती.