पुसल्याची ऊब

लॅपटॉप खोक्यातून बाहेर काढला तेव्हा डॉ. वसुधा मांजरेकरांनी तो उलटा करून पाहिला आणि मग पुन्हा सुलटा केला. त्या काहीतरी शोधत होत्या.

"पंखा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम," फारूख मुजावर म्हणाला. मिरजेच्या ज्या छोट्या कंपनीनं हे यंत्र बनवलं होतं, तिथला तो प्रमुख अभियंता. चाळिशीचा, बोलताना चष्मा पुसायची सवय असलेला. "पंखा नाही, हवेसाठी जाळी नाही. याचं अनुष्ण हे नाव उगाच ठेवलेलं नाही. आठ दिवस वापरा, तुमची सगळ्यात जड आकडेमोड याच्यावर टाका आणि पहिल्या वापरात काय वाटलं ते मला लिहून पाठवा. चांगलं-वाईट सगळं."

घाटमाथ्यावरच्या त्या उतार-निरीक्षण केंद्रात जड आकडेमोडीला तोटा नव्हता. डोंगराच्या पोटात पुरलेली यंत्रं पाण्याचा दाब, मातीची हालचाल, पाऊस असं सगळं दर पाच मिनिटांनी पाठवायची. त्यावरून डोंगराचं गणिती प्रतिमान मांडायचं, त्यातल्या अनिश्चित गोष्टी थोड्याथोड्या बदलून ते शंभरदा चालवायचं आणि शंभरातून कितीदा उतार सरकतो ते मोजायचं. आकडा वीसच्या वर गेला की खालची वस्ती हलवायची. केंद्रातल्या जुन्या संगणकाला एका उतारासाठी एकतीस तास लागत. तोवर पाऊस आणखी पडलेला असे.

मुजावर गेल्यावर वसुधाताईंनी आंबेदऱ्याचा उतार नव्या यंत्रावर चढवला आणि चहा करायला गेल्या. परत आल्या तर उत्तर तयार होतं. नऊ मिनिटं. शंभरात दोन. तेच गणित एकतीस तास घेऊन जुन्या संगणकानं परवा दिलं होतं, आणि उत्तर हेच होतं.

त्यांनी लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात घातला. स्टीलचं पातेलं फडताळातून काढावं तसा गार.

वसुधाताई बावन्न वर्षांच्या होत्या आणि एखादी गोष्ट कळली नाही की त्यांना जेवण जात नसे. प्रयोगशाळेतला संवेदनशील तापमापक आणून त्यांनी तो लॅपटॉपच्या तळाला चिकटवला आणि त्याची कागदी नोंदपट्टी चालू केली. मग खेळ सुरू झाला. सलग पाच उतार चालवले; पट्टीवरची रेघ सरळच राहिली. शेकडो चित्रं एका जागेवरून दुसरीकडे उतरवली, तरी सरळ. शेवटी नको असलेला एक निकाल पुसून टाकला, आणि रेघ टुणकन वर गेली. एक पूर्णांक तीन अंश. काही मिनिटांत हळूहळू खाली आली.

त्यांनी दुसरा निकाल पुसला. पुन्हा एक पूर्णांक तीन.

निकाल नुसता उघडून मिटला तरी रेघेवर बारीकशी टेंगळं येत होती, मोहरीएवढी. त्यांनी तिथल्या तिथे मुजावरला फोन लावला.

"तुमचा लॅपटॉप काम करताना तापत नाही आणि फेकताना तापतो. उलटं आहे की हे!"

फोनच्या पडद्यावर मुजावरचा चेहरा उजळला. "तुम्ही तापमापक लावलात? दहा जणांना यंत्रं दिली, कुणीच लावला नव्हता. मॅडम, सात आणि पाच किती?"

"बारा."

"आता मी तुम्हाला फक्त बारा दिले. त्यावरून सात आणि पाच सांगता येतील?"

"नाही. आठ आणि चारही असतील. दहा आणि दोन."

"म्हणजे बेरीज करताना आपण काहीतरी विसरलो. नेहमीचा संगणक प्रत्येक पावलाला असा विसरत जातो, सेकंदाला अब्जावधी वेळा. आणि विसरणं फुकट नसतं. माहिती नाहीशी करायची तर तेवढी उष्णता बाहेर टाकावीच लागते, हा निसर्गाचाच नियम आहे. यंत्र कितीही चांगलं बनवा, त्यातून सुटका नाही. आम्ही एवढंच केलं, की विसरायचंच नाही असं ठरवलं. बारा लिहिताना सात आणि पाच कुठून आले त्याचा माग ठेवायचा. उत्तर मिळालं की ते बाजूला उतरवून घ्यायचं आणि त्या मागावरून उलट चालत पहिल्या पावलापर्यंत यायचं. स्वेटर उसवून लोकर पुन्हा गुंडाळावी तसं. काही फेकलं नाही, म्हणून काही तापलं नाही. म्हणून वेगही एवढा वाढवता आला. एरवी या वेगाला यंत्र वितळलं असतं."

"आणि मी निकाल पुसते तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही खरोखर पुसता. त्याचा माग आधीच गुंडाळून झालेला असतो, परत यायला वाट नाही. जेवढं पुसलं तेवढी ऊब."

"उघडून मिटलं तरी थोडं तापतं."

"पडद्यावर चित्र उमटतं, मिटताना ते पुसलं जातं. थोडं पुसणं, थोडी ऊब." त्यानं चष्मा काढला. "फार बारीक पाहता तुम्ही."

वसुधाताईंना त्या दिवशी जेवण छान गेलं.

पाचव्या दिवशी त्या दुपारी आंबेदऱ्याला एक बिघडलेलं यंत्र बदलायला गेल्या. लॅपटॉप टेबलावरच होता. जाताना त्यांनी केंद्रप्रमुख जयवंत सरनोबतांना सांगितलं, "सर, वाटलं तर बघा चालवून. मजा आहे." सरनोबत निवृत्तीला आले होते. कमी बोलणारे, शिस्तीचे. नव्या यंत्राबद्दल त्यांनी आतापर्यंत एक प्रश्नही विचारला नव्हता.

तीन तासांनी, नुकते साडेतीन वाजून गेले असताना, परत येऊन वसुधाताईंनी लॅपटॉप सरकवायला हात लावला आणि त्या थबकल्या. कोमट होता.

तापमापक तळाला तसाच होता. त्यांनी नोंदपट्टी पाहिली. दुपारी दीडपासून साडेतीनपर्यंत रेघेवर अकरा टोकं उभी होती. दोन टोकांमध्ये साधारण दहा मिनिटं, आणि प्रत्येकाची उंची एक पूर्णांक तीन अंश.

कुणीतरी उताराचं गणित अकरा वेळा चालवलं होतं आणि अकराही वेळा निकाल पुसून टाकला होता.

या आठवड्यात चिंतेचा उतार एकच होता, आंबेदरा. सकाळपासून तिथे पाऊस वाढला होता. निकाल वाईट आला असेल, आणि कुणाला तो नको असेल तर? त्यांनी ताबडतोब ताजी नोंद घेऊन आंबेदरा चालवला. ती नऊ मिनिटं त्यांना फार लांब वाटली. शंभरात चार. काळजीचं कारण नव्हतं.

मग अकरा वेळा पुसलं काय?

त्या पट्टी घेऊन सरनोबतांच्या खोलीत गेल्या. ते खिडकीपाशी उभे होते.

"सर, दुपारी लॅपटॉपवर तुम्ही होतात?"

"हो."

"अकरा निकाल पुसलेत."

सरनोबत वळले. "पुसलेलं तुला कसं दिसलं?"

"काय होतं ते नाही दिसत. किती पुसलं तेवढंच दिसतं." वसुधाताईंनी त्यांना पट्टी दाखवून सगळं समजावलं. मला आधी आंबेदऱ्याची शंका आली, हेही सांगितलं.

"आंबेदरा नाही," सरनोबत खुर्चीत बसले. "कातळदरा."

केंद्रात ते नाव कुणी घेत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी, सरनोबत तिथे नवे असताना, एका संध्याकाळी कातळदऱ्याच्या सरपंचांनी फोन करून विचारलं होतं, लोक हलवायचे का. सरनोबतांनी हातातल्या नोंदी चाळल्या आणि गरज नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उतार खाली आला. तेवीस माणसं गेली. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. त्या नोंदींवरून अंदाज करता आला असता की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"जुन्या नोंदी कपाटात होत्या," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी माझ्यासमोर जेवढं होतं, तेवढंच यंत्राला दिलं. एक आकडा जास्त नाही."

"काय आलं?"

त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. वसुधाताईंची नजर पट्टीवर गेली आणि तेव्हा त्यांना ते दिसलं. अकरा उंच टोकं होती, पण मोहरीएवढं टेंगूळ एकही नव्हतं. एकाही टोकाआधी नव्हतं.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही उघडलंच नाहीत."

सरनोबतांनी पट्टी हातात घेतली. "उत्तर तयार आहे असं यंत्र सांगायचं. उघडायला बोट न्यायचो, आणि पुसायचो. मग वाटायचं, असं कसं, बघायलाच हवं. पुन्हा चालवायचो. एकोणीस वर्षं मी म्हणत आलो, कळायला मार्ग नाही. आज नऊ मिनिटांत कळत होतं." त्यांनी पट्टीची घडी घातली. "मार्ग नव्हता तेच बरं होतं, वसुधा."

"बाराव्यांदा चालवू. मी बसते शेजारी."

ते दोघं वसुधाताईंच्या टेबलापाशी नऊ मिनिटं बसले. उत्तर आल्यावर सरनोबतांनी 'उघड' म्हणून मान हलवली आणि वसुधाताईंनी निकाल उघडला.

शंभरात एकसष्ट.

सरनोबतांनी आकडा पुन्हा वाचला. "म्हणजे कळलं असतं."

"थांबा, सर." वसुधाताईंनी कागद ओढला. "तेव्हा केंद्रात कुठलं यंत्र होतं?" सरनोबतांनी नाव सांगितलं. वसुधाताईंनी गुणाकार केला, पुन्हा तपासला. "त्या यंत्रावर हे गणित एकशे वीस दिवस चाललं असतं. तुमच्याकडे एक रात्र होती."

"म्हणजे नोंदींत उत्तर होतं. बाहेर काढायला वेळ नव्हता."

"हो."

"हे तिथल्या लोकांना सांगायला हवं," सरनोबत म्हणाले. निकाल या वेळी त्यांनी पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जीपनं कातळदऱ्याला गेले. सरनोबत एकोणीस वर्षांत तिथे पाऊल ठेवू शकले नव्हते. वाचलेली घरं आता पलीकडच्या दांडावर, डोंगराच्या सोंडेवर होती. सोनाबाई ढेबे अंगणात कुळीथ निवडत बसल्या होत्या. त्यांचे सासूसासरे आणि थोरली मुलगी त्या सकाळी गेली होती. सरनोबतांनी आपलं नाव सांगितलं आणि काही न लपवता सगळं बोलून टाकलं.

सोनाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे तुमाला तवा म्हाईत नव्हतं."

"नाही. पण माहीत होण्यासारखं होतं."

"आन आता किती वेळ लागतो?"

"नऊ मिनिटं."

बाईंनी घरामागच्या चढाकडे हात केला. "मग सायब, मागचं काय सांगत बसलायसा? ह्या दांडाच्या वरल्या अंगाला दोन सालांपास्नं भेग पडलीया. त्येचं बघितलं का?"

सरनोबतांनी वसुधाताईंकडे पाहिलं. त्या दांडावर केंद्राची तीन यंत्रं होती, पण तो उतार यादीत खाली होता; एकतीस तासांच्या हिशेबात त्याची पाळी महिन्यातून एकदाच यायची. वसुधाताईंनी अंगणातच लॅपटॉप उघडला, ताज्या नोंदी ओढल्या, भेगेची लांबी सोनाबाईंना विचारून भरली आणि गणित सुरू केलं. शेजारची दोन-चार माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं यंत्राला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "बंद हाय जनू. थंडगार."

उत्तर आलं तेव्हा सरनोबतांनी स्वतः बोट पुढे करून ते उघडलं.

"शंभरात अठ्ठावीस," ते म्हणाले. "वीसच्या वर आहे. सगळ्यांना आजच शाळेत हलवायचं."

"म्हंजे डोंगर येनारच?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही. बहुतेक येणार नाही. शंभरात बहात्तर वेळा येणार नाही."

"मग?"

"मग काय, उठा," सोनाबाई म्हणाल्या. त्यांनी पायात चपला घातल्या आणि पहिल्या घराच्या दिशेनं हाका मारत निघाल्या.

सदतीस माणसं आणि एकोणीस गुरं चार दिवस शाळेत आणि शाळेच्या पटांगणात राहिली. डोंगर आला नाही. पाचव्या दिवशी पाण्याचा दाब उतरला, आकडा सहावर आला, आणि लोक घरी परतायला लागले. म्हातारा जाताना कुरकुरला, की चार दिवसांचं काम बुडालं, म्हशी आटल्या आणि झालं काहीच नाही. चारही दिवस शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम केलेल्या सरनोबतांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, त्याचं गाठोडं उचललं आणि त्याच्याबरोबर चढावर चालू लागले.